हाताने फिरवायचा सायरन : सात महिने वापरून, म्हणजे बहुतेक न वापरून

सोसायटीचे सात हजार दोनशे रुपये मोजून आणलेली ही वस्तू आजवर एकदाही खऱ्या कामाला लागलेली नाही. एका रविवारी दोनदा रीतसर वाजवून पाहिली, त्याआधी एकदा बिघडली, मी दुरुस्त केली, आणि आता जिन्याखालच्या कपाटात गोणपाटाखाली बसून आहे. पाचपैकी साडेतीन तारे. एवढ्याशा वापरावर अभिप्राय लिहू नये, असं आमच्या हिचं म्हणणं. पण घ्यायच्या आधी मी मराठीत शोध शोध शोधलं, कोणी एक ओळ लिहिलेली सापडली नाही. मी पस्तीस वर्षं फिटर होतो, त्यामुळे जरा खोलात जाईन. ज्यांना घ्यावा की नको एवढंच हवंय त्यांनी सरळ शेवटाकडे जावं.

घेण्याचं कारण गेल्या वर्षीचा मे महिना. ७ मे २०२५ ला देशभर युद्धकाळाची मॉक ड्रिल ठरली. त्या यादीत नाशिक होतं, शिवाय आपल्याच जिल्ह्यातली सिन्नर आणि मनमाडही. ओझरला विमानं बनतात, देवळालीला तोफखान्याची शाळा आहे, नाशिकरोडला नोटा छापतात, एकलहऱ्याला वीज होते. नाव यादीत का, हे नाशिकच्या शाळकरी पोरालाही समजवावं लागलं नाही. आणि ड्रिलच्या आदल्याच रात्री ऑपरेशन सिंदूर झालं. पुढचे तीन-चार दिवस आमचा टीव्ही अखंड सायरन वाजवत होता. बातमी कुठलीही असो, मागे सायरन. आमची ही दोनदा कुकर बंद करून पदराला हात पुसत बाहेर आली. शेवटी सरकारनेच वाहिन्यांना बजावलं की जनजागृतीचा कार्यक्रम सोडून एरवी हा आवाज वापरू नका, लोक ऐकून ऐकून निर्ढावतील. लांडगा आला रे आलाची गोष्ट आपल्याला दुसरीत असते, वाहिनीवाल्यांना बहुधा नव्हती.

शस्त्रसंधी झाल्यावर आठवड्याने सोसायटीची मीटिंग झाली. पार्किंगच्या विषयानंतर सेक्रेटरी ताईंनी विचारलं, वीज गेली, मोबाईलची रेंज गेली, तर चौऱ्याऐंशी घरांना सांगणार कोण? वॉचमन काका म्हणाले, मी जिना चढून सांगेन. काकांचं वय एकसष्ट, दोन्ही गुडघे गेलेले. इमारती तीन, मजले सात. कोणी काही बोललं नाही. मग अकरा जणांनी नावं दिली, त्यातल्या पाच जणांनी सरकारच्या माय भारत पोर्टलवर नागरी संरक्षणाचे स्वयंसेवक म्हणूनही नोंदणी केली. वयाने सगळ्यात मोठा मी आणि सगळ्यात लहान बी विंगमधली कॉलेजची पोरगी. तिचं पुढे येईल.

पर्याय तीन होते. पहिला, गणपतीत वापरतो तो मेगाफोन. त्यात सायरनचं बटण आहे, पण सेल फुगून त्याची स्प्रिंग हिरवी झालेली. वर्षातून दहा दिवस वापरायच्या वस्तूचं हेच होतं. दुसरा, विजेच्या मोटरीवरचा सायरन. आवाज याच्यापेक्षा मोठा, किंमत उलट कमी. पण ज्या रात्रीसाठी घ्यायचा त्याच रात्री वीज नसणार, आणि इन्व्हर्टरला जोडला तर लिफ्टच्या दिव्यांचं काय, यावर वीस मिनिटं वाद झाला. तिसरा हा, हाताने फिरवायचा. यातही दोन प्रकार मिळतात. एक छोटा, हातात धरून फिरवायचा, आत प्लास्टिकचे गिअर. तो जत्रेत पोराला घेऊन द्यावा असा आहे. दुसरा तिपाईवर बसणारा, अॅल्युमिनियमच्या कास्टिंगचा, तिपाईसकट आठ किलोच्या आसपास. आम्ही तिपाईवाला घेतला. मेन रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका हार्डवेअरवाल्याने मागवून दिला, अकरा दिवस लावले.

आतली रचना साधी आहे आणि सुंदर आहे. एका डब्यात पंख्यासारखा रोटर, त्याच्या कडेला खिडक्या. बाहेर स्थिर कवच, त्यालाही तेवढ्याच खिडक्या. हँडल फिरवलं की रोटर हवा ओढून बाहेर फेकतो. खिडकीसमोर खिडकी आली की हवेचा झोत सुटतो, भिंत आली की तुटतो. सेकंदाला असे जितके तुकडे, तितका सूर उंच. मी रोटरवर खडूची खूण केली आणि हँडल सावकाश एक फेरा फिरवून मोजलं. रोटरचे बेचाळीस फेरे. गिअर दोन टप्प्यांत आहेत, एक सहापट, दुसरा सातपट. खिडक्या दहा. म्हणजे सेकंदाला एक फेरा या चालीने हँडल फिरवलं तर सेकंदाला चारशे वीस झोत. या हिशेबात कुठेही वीज नाही, सेल नाही, सॉफ्टवेअर नाही. दोन्ही गिअर लोखंडी निघाले, दात नीट कापलेले. बेअरिंग बरं. त्याबद्दल पूर्ण गुण.

आता अर्धा तारा कुठे गेला ते. हँडल शाफ्टवर एका ग्रब स्क्रूने, म्हणजे बिनडोक्याच्या, आत रुतून बसणाऱ्या स्क्रूने, घट्ट बसवलेलं आहे. असा स्क्रू गोल शाफ्टवर नुसता दाबून चालत नाही, शाफ्टला त्या जागी सपाट खाच लागते, नाहीतर जोर पडला की घसरतो. खाच मारलेलीच नव्हती. ही चूक आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोराने केली तर मी त्याला कानस देऊन पुन्हा बसवतो. पहिल्याच दिवशी, पार्किंगमध्ये, कवचाला बाहेरून फडकं गुंडाळून नुसता जोर बघायचा म्हणून जिमला जाणाऱ्या एका दादांनी हँडलला हिसका दिला, हँडल त्यांच्या हातात मोकळं फिरलं आणि कोपर मागच्या स्कूटरवर आदळलं. कोपराला काही झालं नाही, स्कूटरचा आरसा गेला. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, साहेब, जोरात फिरवलं असेल. अरे बाबा, सायरन आहे तो, पुरणयंत्र नाही. शेवटी मी घरी शाफ्ट काढून कानशीने खाच मारली, स्क्रू नवा घातला, आतलं वाळून गेलेलं ग्रीस पुसून नवीन भरलं. दोन तास. फिटर शेजारी नसेल तर हे तुम्हाला कोणाकडून तरी करून घ्यावं लागेल, ते पैसे धरून ठेवा.

एक पूर्ण तारा गेला तो खोक्यावर छापलेल्या ‘एक किलोमीटर’साठी. फोनवरच्या अॅपने मोजलं तर एक मीटरवर १०७ डेसिबल भरले. अॅप काही प्रयोगशाळा नव्हे, पण अंदाजाला पुरे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. एक, दोन, चार, आठ असं दहा वेळा दुप्पट केलं की १०२४ मीटर, म्हणजे साठ वजा. उरले सत्तेचाळीस. सत्तेचाळीस म्हणजे शेजारच्या खोलीत दोन माणसं हळू बोलतायत एवढा आवाज. आमच्या जेलरोडला संध्याकाळी रिक्षा, भाजीवाले आणि मिक्सर चालू असताना त्याला कोण विचारतं?

तरी वाजवून पाहिल्याशिवाय बोलू नये. पण हा आवाज मनाला येईल तेव्हा काढायचा नसतो, हे आधी सांगतो. आम्ही पोलीस ठाण्यात लेखी कळवलं, आजूबाजूच्या चार सोसायट्यांच्या गेटवर आठ दिवस आधी कागद लावले, जिथे आजारी माणूस आहे त्या घरी स्वतः जाऊन सांगितलं. डिसेंबरातला रविवार, एक फेरी सकाळी सातला, एक दुपारी चारला. सायरन गच्चीवर, आणि आमची माणसं वहीपेन घेऊन चार ठिकाणी: खाली वॉचमनची केबिन, अडीचशे मीटरवर भाजीबाजार, पाचशे मीटरवर एक दवाखाना, आणि चौथे काका साधारण किलोमीटरभर लांब, दसकच्या बाजूला नदीकाठी. चौथे काका मुळात फिरायलाच जातात तिकडे.

सकाळी सातच्या फेरीत दसकवाल्या काकांनी लिहिलं: ‘स्पष्ट. कुत्री भुंकली.’ मी चाटच पडलो, माझा सगळा हिशेब पाण्यात. दुपारी चारला त्याच जागेवर: ‘काही नाही. वाजवला का?’ फरक हवेचा. आपल्याकडे थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार असते, तेव्हा आवाज वर न जाता खाली वाकतो आणि लांब जातो. उन्हं तापली की उलटं. लहानपणी थंडीच्या पहाटे अंथरुणात पडून मला स्टेशनवरची गाडी अंगणात उभी असल्यासारखी ऐकू यायची, त्याचं कारण बासष्टाव्या वर्षी वहीत सापडलं. भाजीबाजारात दोन्ही वेळा ऐकू आला. पाचशे मीटरवर दुपारी खिडकी उघडी असेल तर आला, बंद असेल तर नाही. आणि सगळ्यात वाईट निकाल कुठला असेल? आमच्याच इमारतीच्या तळमजल्याचा. गच्चीच्या कठड्याआड आवाज अडतो आणि वरून निघून जातो. दिव्याखाली अंधार. आता तिपाई पाण्याच्या टाकीच्या स्लॅबवर ठेवतो आणि तळमजल्याच्या बारा घरांसाठी वॉचमन काकांकडे शिट्टी दिली आहे. किलोमीटर विसरा. तीनशे मीटर धरून चाला.

शिट्टीवरून अण्णा आठवले. माझे वडील. रेल्वेत होते, आम्ही नाशिकरोडला चाळीत राहायचो. १९७१ च्या डिसेंबरात मी आठ वर्षांचा. दत्तजयंती नुकतीच झालेली, चांदणं पिठासारखं पडलेलं, आणि ३ तारखेला युद्ध सुरू झालं. अण्णा आमच्या चाळीपुरते वॉर्डन. दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी, हातात काठी. खिडक्यांना काळा कागद, बल्बला खाकी कागदाची नळी, स्कूटर-मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला. अण्णा रात्री फिरायचे आणि कुठे फट दिसली की दारावर काठी आपटायचे. एकदा शेजारच्या आजोबांनी अंधारात बिडी पेटवली तर त्यांच्यावर एवढे ओरडले की आजोबा आठवडाभर बोलले नाहीत. पुढे कधीतरी वाचनात आलं की १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा तिथले वॉर्डनही रात्रभर हेच करत होते, दिवा मालवा म्हणून ओरडत. त्यांच्याकडे शिट्टी होती, विषारी वायू आला तर वाजवायला लाकडी खुळखुळा होता, आणि वायू गेला हे सांगायला हातातली घंटा. म्हणजे धोका टळला हे सांगायची वेगळी सोय त्यांनी केली होती. आमच्या चाळीत नव्हती.

सायरन लांब कुठेतरी व्हायचा आणि वाऱ्यावर अर्धामुर्धा यायचा. नियम आजही तोच आहे: चढत-उतरत दोन मिनिटं म्हणजे धोका, एका सुरात सलग दोन मिनिटं म्हणजे धोका टळला. कागदावर सोपं आहे. पण लांबून, तुकड्या-तुकड्याने ऐकलेला एकसुरी आवाजही चढल्या-उतरल्यासारखाच वाटतो. एका रात्री धोका टळल्याचा भोंगा झाला आणि आमची अख्खी चाळ त्याला दुसरा इशारा समजून जिन्याखाली बसून राहिली. अण्णा त्या वेळी ड्यूटीवर होते. पहाटे सव्वापाचला ते घरी आले तेव्हा बावीस माणसं, एक शेळी आणि मी जिन्याखाली. अण्णांनी विचारलं, इथे काय करताय? आई म्हणाली, तुम्ही शिट्टी वाजवायची वाट बघतोय.

म्हणून हा सायरन आणल्यावर मी सगळ्यांना एकच गोष्ट घोकायला लावली, आणि तीच या वस्तूची खरी परीक्षा आहे. धोक्याचा इशारा या यंत्रावर कोणीही देऊ शकतं. हँडल जोरात फिरवा, सूर चढतो, दमलात, उतरतो, पुन्हा फिरवा. दमलेला माणूस उलट छान वाजवतो. अवघड आहे तो दुसरा, सरळ सूर. दोन मिनिटं, एकशे वीस फेरे, एकाच चालीने. चाल जराशी ढिली पडली की सूर खाली येतो, ती भरून काढायला जोर लावला की वर जातो, आणि खाली बसलेल्या माणसाला वाटतं, पुन्हा आलं. जिमवाले दादा पन्नास सेकंदांत दमले. हिसका देऊन सुरुवात करतात ना, तिथेच अर्धी ताकद जाते. रोटर जड आहे, त्याला सावकाश वेग घेऊ द्यायचा, आठ-दहा सेकंद. एकदा तो आपल्या वेगात आला की फार जोर लागत नाही, नुसती सोबत करायची. मी स्वतः दीड मिनिट टिकलो, पण माझाही सूर शेवटी लडखडला.

बी विंगमधली पोरगी ढोल पथकात आहे. नाशिकची पोरगी ढोल पथकात असणं म्हणजे काही विशेष नाही, पण चार तास मिरवणुकीत एका ठेक्यावर हात चालवायची तिला सवय आहे. तिने सराव घरी केला, सायरनवर नाही, शिलाई मशीनच्या सुट्या चाकाला हँडल लावून. रविवारी दुपारची फेरी तिने वाजवली. मी फोनवर सुराची रेघ बघत होतो. दोन मिनिटांत रेघ इकडची तिकडे हलली नाही. हात न थांबवता ती मला म्हणाली, ‘काका, कानातले बोळे पडले, परत घाला ना.’ हो, हे राहिलंच: खोक्यात कानाचे बोळे नाहीत. हँडलजवळ उभ्या माणसाच्या कानापासून अर्ध्या मीटरवर हे यंत्र असतं. फोमचे बोळे मेडिकलमध्ये मिळतात, दोन जोड्या सायरनलाच दोरीने बांधून ठेवा.

मीटिंगमध्ये ज्यावरून सगळ्यात जास्त आवाज चढला ते म्हणजे वाजवायचा कधी. कोणी म्हणालं आग लागली तर, कोणी म्हणालं गोदावरीला पूर आला तर. ज्याच्यावरून नाशिककर पुराचं पाणी मोजतात तो नदीतला दुतोंड्या मारुती बुडाला की वाजवायचा, अशीही सूचना आली. एक पोरगा म्हणाला, ३१ डिसेंबरला वाजवू, त्याला त्याच्या आईनेच गप्प केलं. ठरलं ते असं: प्रशासनाने सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. आगीसाठी जिन्यात वेगळी घंटा आहे, ती वाजवा. एकाच आवाजाचे चार अर्थ केले की जिन्याखाली बसायची पाळी येते. खोक्यावर केशरीत निळा त्रिकोण रंगवायचा एकाचा विचार होता. ते नागरी संरक्षणाचं जगभरचं चिन्ह आहे. मी म्हटलं, राहू दे. नागरी संरक्षणाच्या एकूण बारा सेवा आहेत, वॉर्डनपासून बचाव, अग्निशमन, जखमींची व्यवस्था, थेट मृतदेहांची व्यवस्था करण्यापर्यंत. आपण त्यातल्या एका सेवेचं हँडल फिरवतोय. खोक्यावर साध्या ऑइल पेंटने सोसायटीचं नाव आणि ‘लिफ्टने नेऊ नये’ एवढंच लिहिलं. लिफ्ट बंदच असणार, पण सांगितलेलं बरं. सात मजले आठ किलो चढवायला दोन माणसं लागतात, एक तिपाई, एक डबा. आम्हाला पहिल्यांदा सव्वाचार मिनिटं लागली, आता तीन.

कोणी घ्यावा? शे-दीडशे घरांची सोसायटी किंवा वस्ती असेल आणि वाजवायला निदान चार माणसं तयार होणार असतील तर घ्या. एकट्या बंगल्याला उपयोग नाही. फोनवरचे इशारे आधी येतील, येऊ द्या, हा त्यांच्यानंतरचा. घेताना छोटा प्लास्टिकचा पदरात पडू देऊ नका. दुकानातच वरचं झाकण काढायला लावा, गिअर लोखंडी आहेत का बघा. हँडल काढून शाफ्टला सपाट खाच आहे का ते बोटाने चाचपा. रोटर हाताने फिरवून कवचाला घासतोय का ऐका. सहा मिलिमीटरचे दोन ग्रब स्क्रू आणि त्यांची अॅलन की जास्तीची घ्या, आम्ही ती वॉसलिनच्या रिकाम्या डबीत घालून डब्यातच चिकटवली आहे. महिन्यातून एकदा कवचाला बाहेरून फडकं गुंडाळून, मोठा आवाज न होता, दोन मिनिटं हँडल फिरवत जा, म्हणजे ग्रीस वाळत नाही. आणि दुकानदार झाकण उघडू देत नसेल तर सरळ पुढच्या दुकानात जा, मेन रोडला दुकानांना तोटा नाही.